फ्युएल सिस्टम क्लीनर आणि इंजिन फ्लश

टाकीतल्या पेट्रोल-डिझेलमध्ये किंवा इंजिन ऑइलमध्ये केमिकल ओतून, इंजिन न खोलता आतली घाण काढायची ही पद्धत. गॅरेजमध्ये दोन्हीला सरसकट ॲडिटिव्हच म्हणतात पण ही दोन वेगळी कामं आहेत. टाकीत ओतलेला क्लीनर पेट्रोलबरोबर पंप, लाइन, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर करत सिलिंडरमध्ये जाऊन जळतो, आणि ऑइलमध्ये ओतलेला फ्लश ऑइलच्या वाटेने फिरून इंजिनखालच्या ऑइल चेंबरच्या नटातून बाहेर येतो. ज्या वाटेने केमिकल जातं तिथलीच घाण निघते, दुसरीकडची नाही, आणि ग्राहकाचे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते हे कोणी नीट सांगत नाही म्हणून.

घाण होते कशी ते आधी बघू. गाडी दमवून आणून बंद केली की कूलंट फिरायचं थांबतं, इंजिनची उष्णता कुठे जायला जागा नसते म्हणून इंजेक्टरचं टोक बंद केल्यावर काही मिनिटं उलट जास्तच तापतं. त्या टोकावर पेट्रोलचा जो थेंब राहिलेला असतो त्यातला हलका भाग उडून जातो, जड भाग हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून चिकट होतो, आणि पुढच्या वेळी त्याच्यावर अजून एक थर. छोट्या फेऱ्या मारणाऱ्या, दिवसातून दहा वेळा चालू-बंद होणाऱ्या शहरातल्या गाड्यांना हा त्रास म्हणूनच जास्त. थर साचला की फवारा नीट उडत नाही, धार लागते, मग सकाळी स्टार्टिंग ट्रबल, आयडलला थरथर, पिकअप मेला, ॲव्हरेज उतरलं.

यावर जे खरं काम करतं ते डिटर्जंट. भांड्याच्या साबणाचं जसं एक टोक तेलाला धरतं आणि एक पाण्याला, तसं इथे रेणूचं नायट्रोजनवालं टोक घाणीला चिकटतं आणि लांब शेपूट पेट्रोलमध्ये विरघळलेलं राहतं, त्यामुळे थर सुटून पेट्रोलबरोबर जळायला जातो. यातली दोन नावं लक्षात ठेवण्यासारखी आहेत, पॉलीआयसोब्युटिलीन अमाइन आणि पॉलीइथरअमाइन म्हणजे पीईए. पहिलं इंजेक्टर आणि सिलिंडरमध्ये हवा सोडणाऱ्या इनटेक वॉल्व्हवर चांगलं चालतं पण खूप उष्णतेत टिकत नाही, पीईए मात्र कम्बशन चेंबरमधल्या, म्हणजे जिथे पेट्रोल जळतं तिथल्या कार्बनवरही असर करतं. बाटलीत बहुतेक भाग रॉकेलच्या जातीचं सॉल्व्हंटच असतं, ते फक्त वाहून न्यायला, त्यामुळे बाटली घेताना मागच्या लेबलवर पीईए आहे का आणि किती लिटरला किती टाकायचं हे बघावं, पुढच्या चित्रावर जाऊ नये.

हे सगळं वाढलं अमेरिकेत. १९८० च्या दशकात तिथे कार्ब्युरेटर जाऊन पोर्ट इंजेक्शन, म्हणजे इनटेक वॉल्व्हच्या आधी पेट्रोल फवारणारी सिस्टम आली आणि नव्या गाड्यांचे इंजेक्टर चोंदायला लागले, तेव्हा तेल कंपन्यांनी पेट्रोलमध्येच डिटर्जंट वाढवले. १ जानेवारी १९९५ पासून तिथल्या पर्यावरण खात्याने सगळ्या पेट्रोलमध्ये ते सक्तीचं केलं. पण सक्ती किमान डोसची होती, तो कमी पडतो म्हणून २००४ मध्ये बीएमडब्ल्यू, जनरल मोटर्स, होंडा आणि टोयोटा यांनी मिळून टॉप टिअर नावाचा जास्त कडक दर्जा ठरवला. थोडा डोस रोज मिळत असेल तर सिस्टम स्वच्छ राहते, जुना थर काढायला मात्र मोठा डोस लागतो, आणि दुकानातली बाटली हा तो मोठा डोस.

आपल्याकडे स्पीड, एक्सपी९५, पॉवर९५ अशी ब्रँडेड पेट्रोलं मिळतात त्यांच्यात ॲडिटिव्ह असतात. ऑक्टेन आणि डिटर्जंट यात मात्र गल्लत नको, ऑक्टेन म्हणजे नॉकिंगला, म्हणजे पेट्रोल वेळेआधी पेटून इंजिन ठोकण्याला विरोध, त्याचा साफसफाईशी संबंध नाही. बाटलीतल्या ऑक्टेन बूस्टरमध्ये मँगनीज किंवा लोखंडाचं संयुग असेल तर ते उलट स्पार्क प्लगवर थर बसवतं.

आपल्याकडचं दुसरं जुनं दुखणं म्हणजे भेसळ. पेट्रोल-डिझेलमध्ये रॉकेल मिसळलं की ज्वलन नीट होत नाही, कार्बन वाढतो. हा धंदा किती माजला होता ते महाराष्ट्राने २५ जानेवारी २०११ ला पाहिलं, मनमाडजवळ भेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तिथेच जाळून मारलं गेलं. असल्या तेलावर बाटलीचा उपाय नाही, पंप बदलणं हाच उपाय.

आता जीडीआय इंजिन. टीएसआय, टर्बो जीडीआय वगैरे गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडतं, इनटेक वॉल्व्हला लागतच नाही. तिथे ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनमधली वाफ परत इनटेकला नेणाऱ्या नळीतून आलेली ऑइलची वाफ बसते आणि डांबरासारखा काळा थर होतो. टाकीत कितीही भारी क्लीनर ओता, तो त्या वॉल्व्हपर्यंत पोचतच नाही. इंजेक्टरच्या टोकाला फायदा होतो तेवढाच. वॉल्व्ह साफ करायचे तर इनटेक मॅनिफोल्ड खोलून अक्रोडाच्या टरफलाचा बारीक चुरा हवेच्या दाबाने मारतात, तो कार्बन काढतो आणि धातूला ओरखडा देत नाही. टोयोटाने काही इंजिनांत पोर्ट आणि थेट असे दोन्ही प्रकारचे इंजेक्टर दिलेत, त्यात वॉल्व्ह धुतले जातात.

डिझेलचं प्रकरण अजून नाजूक. कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या एका सामायिक नळीत, १६०० ते २००० बारचा दाब, नोझलची भोकं मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास, आणि आतल्या भागांमधली फट दोन-तीन मायक्रॉनची. तिथे बसलेला पातळ थरसुद्धा इंजेक्टरमधली सुई अडकवतो. डिझेलचे डिटर्जंट वेगळे असतात, पेट्रोलची बाटली डिझेलमध्ये चालत नाही. आणि पाणी हा डिझेलचा मोठा शत्रू, गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की पाणी आणि डिझेलच्या सीमेवर जिवाणू आणि बुरशी वाढतात आणि फिल्टरमध्ये काळा बुळबुळीत गाळ येतो. याला बायोसाइड, म्हणजे जिवाणू-बुरशी मारणारं केमिकल मिळतं, पण आधी फिल्टरखालचा ड्रेन सोडून पाणी काढायलाच हवं, जनरेटर आणि ट्रॅक्टरवाल्यांनी तर नक्कीच.

ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आल्यापासून इथेनॉलसाठीची ॲडिटिव्ह बरीच विकली जातायत. इथेनॉल पाणी शोषतं आणि स्वतःच चांगलं सॉल्व्हंट असल्याने जुन्या टाकीतला गंज आणि चिकटा सोडवून फिल्टरला आणतं, त्यामुळे जुन्या गाडीचा फिल्टर एकदा बदलून घेणं शहाणपणाचं. गंज रोखणारं ॲडिटिव्ह उपयोगी असू शकतं. पण ई२० साठी न बनलेला रबर पाइप फुगत असेल तर तो बाटलीने सुधरत नाही. आणि ॲव्हरेज भरून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जाच पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी आहे, ती कुठलं केमिकल आणून देणार?

इंजिन फ्लशबद्दल सावध राहावं असं माझं स्पष्ट मत आहे. पद्धत अशी, ऑइल बदलायच्या आधी गरम इंजिनमध्ये, जुन्याच ऑइलमध्ये फ्लश ओतायचा, लेबलवर लिहिलेली पाच-दहा मिनिटं गाडी फक्त आयडलला ठेवायची, रेस करायची नाही, मग ऑइल पूर्ण काढून फिल्टरही बदलायचा. पूर्वी फिटर लोक यासाठी डिझेल किंवा रॉकेल वापरायचे, काही ठिकाणी अजूनही वापरतात. धोका दोन्हीकडे तोच, ऑइल पातळ होऊन बेअरिंगवरची फिल्म कमी होते. ऑइल वेळेवर बदललेल्या गाडीला फ्लश लागतच नाही, कारण चांगल्या ऑइलमध्ये कॅल्शियम-मॅग्नेशियमचे डिटर्जंट आणि डिस्पर्संट आधीच असतात, ऑइल काळं पडतं ते घाण धरून ठेवतंय म्हणूनच. आणि उलट ऑइल कॅप उघडल्यावर आत ग्रीससारखा गाळ दिसत असेल तर तिथेच फ्लश सगळ्यात धोक्याचा, सुटलेला गाळ चेंबरमधल्या जाळीवर जाऊन बसला तर पंपाला ऑइल मिळत नाही आणि इंजिन जाम. अशा गाडीचा चेंबर खोलून जाळी हाताने धुवावी, नंतर दोन-तीन ऑइल लवकर लवकर बदलावीत, गाळ हळूहळू निघतो.

थ्रॉटल बॉडी आणि जुन्या बाइकच्या कार्ब्युरेटरसाठी स्प्रे येतात, त्यांचं काम समोर दिसतं म्हणून त्यात फसगत कमी. फक्त एअरफ्लो सेन्सरवर तो स्प्रे मारू नये, त्याचा वेगळा येतो.

पीईएचा मोठा डोस शक्यतो ऑइल बदलायच्या थोडं आधी घ्यावा, कारण त्यातला काही भाग पिस्टनच्या रिंगवरून खाली ऑइलमध्ये उतरतो. मुंबई-पुण्यातल्या सीएनजी गाड्यांना मात्र वेगळी काळजी लागते, पेट्रोल फक्त स्टार्टिंगपुरतं वापरलं जातं, टाकीतलं पेट्रोल महिनोन्‌महिने जुनं होतं आणि इंजेक्टर रिकामे तापत राहतात, अशा गाडीत टाकी थोडीच भरावी, दर आठवड्याला काही किलोमीटर पेट्रोलवर चालवावी, आणि क्लीनर टाकला असेल तर ती टाकी संपेपर्यंत गॅसवर नेऊ नये.