इंटेल हेक्स (फाइल स्वरूप)

मेमरी चिपमध्ये किंवा मायक्रोकंट्रोलरमध्ये (एकाच चिपवरच्या छोट्या संगणकात) भरायची माहिती षोडशमान अंकांत (० ते ९ आणि ए ते एफ), साध्या मजकुराच्या रूपात लिहून ठेवण्याची पद्धत. इंटेल कंपनीने ती १९७३ मध्ये आपल्या इंटेलेक संगणकांसाठी आखली. त्या काळी प्रोग्रॅम कागदी पट्टीवरच्या छिद्रांतून वाचला जाई आणि एखादे छिद्र चुकीचे वाचले जाण्याची धास्ती कायम असे. म्हणून प्रत्येक ओळ स्वतःपुरती पूर्ण ठेवली आणि तिच्या शेवटी तपासणीचा आकडा जोडला. कागदी पट्टी गेली, अतिनील किरणांनी पुसायच्या ईप्रॉम या मेमरी चिपही मागे पडल्या, पण ही ओळ आजही जशीच्या तशी वापरात आहे.

ओळीची रचना. ८०५१ मायक्रोकंट्रोलरसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमची पहिली ओळ पुढीलप्रमाणे असू शकते (इथे देवनागरी अंकांत):

:०३०००००००२००७३८८

सुरुवातीचा विसर्ग वाटावा असा कोलन ओळ सुरू झाल्याची खूण आहे. ‘०३’ म्हणजे ओळीत तीन बाइट माहिती आहे. पुढचे चार अंक ‘००००’ हा ती माहिती चिपमध्ये कुठून ठेवायची याचा पत्ता. त्यानंतरचे ‘००’ ही साधी माहितीची ओळ असल्याचे सांगतात. ‘०२ ००७३’ ही खरी माहिती: ‘००७३ या पत्त्यावर उडी मार’ अशी ८०५१ ला दिलेली आज्ञा. शेवटचे ‘८८’ हा चेकसम, म्हणजे तपासणीचा आकडा. तो हातानेही काढता येतो. षोडशमान ३, २ आणि ७३ यांची बेरीज ७८, म्हणजे दशमान १२०. २५६ मधून १२० वजा केले की १३६ उरतात, आणि षोडशमानात तेच ८८. चेकसम धरून साऱ्या ओळीची बेरीज केली की शेवटचा बाइट शून्य यायलाच हवा. एखादा अंक बिघडला तर शून्य येत नाही आणि प्रोग्रॅमर (चिप भरणारे यंत्र) तिथेच थांबतो. मात्र दोन बाइटांची अदलाबदल झाली तर बेरीज तीच राहते, आणि ही चूक चेकसमला दिसत नाही.

फाइलची अखेर ‘:०००००००१एफएफ’ या ओळीने होते. ती नसेल तर फाइल अर्धवट कॉपी झाली असे समजावे.

चार अंकी पत्ता ६४ किलोबाइटपर्यंतच पोचतो. मोठ्या मेमरीसाठी पत्त्याचा वरचा भाग सांगणाऱ्या ‘०२’ आणि ‘०४’ प्रकारच्या ओळी नंतर आल्या. ‘०४’मुळे मर्यादा ४ गिगाबाइटपर्यंत गेली. मोटोरोलाचे एस-रेकॉर्ड हे याच कामाचे दुसरे स्वरूप. त्याची ओळ ‘एस’ अक्षराने सुरू होते.

सांगली परिसरातील वापर. वालचंद महाविद्यालयासारख्या ठिकाणी इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याची या फाइलशी गाठ ८०५१ च्या प्रात्यक्षिकात पडते. काइल या प्रोग्रॅम लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘क्रिएट हेक्स फाइल’ या चौकटीत खूण करायची राहिली तर प्रोग्रॅम बिनचूक असूनही चिपमध्ये टाकायला हाती काहीच येत नाही.

दुरुस्तीच्या कामात या फाइलचे मोल त्याहून मोठे आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. अशा पुरात नदीकाठच्या शेतीपंपाच्या पेट्या पाण्याखाली जातात आणि मोबाईल स्टार्टरची (मोबाईलवरून पंप चालू-बंद करणाऱ्या उपकरणाची) कार्डे निकामी होतात. कार्ड धुऊन, वाळवून चालले नाही आणि चिपच गेली असेल, तर कोरी ८९एस५२ (८०५१ च्याच जातीची चिप) बाजारात मिळते. तिच्यात भरायला मात्र हेक्स फाइल लागते. मूळ प्रोग्रॅम कोणत्या भाषेत लिहिला होता हे ठाऊक असण्याची गरज नाही. जुन्या चिपमधून फाइल वाचून घेण्याचा मार्ग बहुधा बंद असतो, कारण उत्पादक लॉक बिट (चिप वाचू न देणारे कुलूप) लावून ठेवतात. त्यामुळे उत्पादकाने ही काही किलोबाइटची फाइल दुरुस्ती करणाऱ्याला देणे, किंवा निदान स्वतःकडे जपून ठेवणे, हे शेतकऱ्याच्या दृष्टीने फार मोलाचे आहे.

फाइलसोबत दोन गोष्टी वेगळ्या लिहून ठेवाव्या लागतात, कारण त्या तिच्यात नसतात: चिपचा क्रमांक आणि क्रिस्टलची (चिपला ठोके देणाऱ्या भागाची) वारंवारता. प्रोग्रॅम ११.०५९२ मेगाहर्ट्झ धरून लिहिलेला असेल आणि कार्डावर १२ चा क्रिस्टल बसवला, तर चिप बरोबर भरली जाते, दिवेही लागतात, पण माहिती पाठवण्याचा ९६०० बॉडचा वेग जमत नाही आणि जीएसएम मोडेमकडून आलेली आज्ञा स्टार्टरला समजत नाही.