प्लाझ्मा अंगात, सीरम नळीत

लॅबमध्ये एकाच सुईतून लाल, निळ्या, जांभळ्या टोपणाच्या दोन-तीन नळ्या भरल्या की "एवढं रक्त कशाला?" असं हमखास विचारलं जातं. प्लाझ्मा आणि सीरम यांतला फरक कळला की या प्रश्नाचं बरंचसं उत्तर मिळतं. दिसायला दोन्ही सारखेच, फिकट पिवळे. (चेहऱ्याला चोपडायच्या सीरमचा इथे काही संबंध नाही.)

अंगात फिरतो तो प्लाझ्मा. रक्ताचा साधारण 55 टक्के भाग तोच, आणि त्यात 90 टक्क्यांच्या आसपास पाणी. उरलेल्यात प्रथिनं महत्त्वाची. यकृतात बनणारं अल्ब्युमिन पाण्याला रक्तवाहिनीत धरून ठेवतं. ते फार घटलं की पायांवर सूज येते, पोटात पाणी साठतं. ग्लोब्युलिनमध्ये अँटिबॉडीज येतात. आणि फायब्रिनोजेन जखमेपाशी धाग्यांचं जाळं विणून रक्त थांबवतं.

सीरम मात्र अंगात फिरत नाही, ते रक्त गोठल्यावर मिळतं. लाल टोपणाच्या नळीत रक्त अर्धा तास ठेवलं की गुठळी होते, नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की वर सीरम राहतं. दह्यावरची निवळ असावी तसं. फायब्रिनोजेन तोवर गुठळीत खर्ची पडलेलं असतं.

म्हणून रक्त गोठायला किती वेळ लागतो हे मोजणारी पीटी-आयएनआर तपासणी सीरमवर करताच येत नाही. ते पुन्हा गोठणार कसं? त्यासाठी निळी नळी. तिच्यातलं सायट्रेट कॅल्शियमला बांधून ठेवतं, त्यामुळे रक्त गोठत नाही. एक भाग सायट्रेटला नऊ भाग रक्त हे प्रमाण ठरलेलं. नळी खुणेपर्यंत भरली नाही तर सायट्रेट जास्त होतं आणि रक्त गोठायला उगाच वेळ लागतोय असा रिपोर्ट येतो. जांभळ्या नळीत बहुधा पोटॅशियमयुक्त ईडीटीए असतं, तेही कॅल्शियमला बांधून रक्त गोठू न देणारं रसायन. तिच्यातलं रक्त कुणी लाल नळीत ओतलं, तर पोटॅशियम आभाळाला आणि कॅल्शियम तळाला! रुग्ण ठणठणीत असला तरी.

रक्तपेढीतून फ्रीझ करून येते ती पिशवीही प्लाझ्माचीच, कारण रक्तस्राव थांबवायला रक्त गोठवणारे घटक हवेत. डेंग्यूत केशवाहिन्यांतून प्लाझ्मा पाझरतो, रक्त दाट होतं, हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) चढतं. तेव्हा नातेवाईक प्लाझ्माच्या पिशवीसाठी धावाधाव करतात. पण बहुतेक वेळा लागतं ते मोजून-मापून दिलेलं सलाईन. प्लाझ्मा सहसा मोठा रक्तस्राव असेल तरच.