घरच्या घरी गोधडी: साडी निवडण्यापासून गोट लावेपर्यंत

गोधडी बिघडते ती बहुतेक वेळा सुई हातात घ्यायच्या आधीच. कोरं कापड न धुता वापरलं, सुती साडीच्या पोटात सिंथेटिक साडी घातली, टाचायचा कंटाळा केला, की पुढे टाके कितीही सुबक घाला, पहिल्या धुण्यात सगळं उघडं पडतं. म्हणून आमच्या दुकानाच्या या पत्रकात टाक्यांपेक्षा तयारीबद्दल जास्त लिहिलं आहे.

पहिल्याच खेपेला डबल बेडची गोधडी हाती घेऊ नका. बाळाचं दुपटं घ्या, ३६ बाय ३६ इंचाचं. मांडीवर मावतं, हात बसतो, आणि कुणाच्या ना कुणाच्या बाळंतविड्यात ते जातंच. त्यासाठी दुकानातून घ्यायच्या वस्तू चारच आहेत: सुया, जाड सुती दोरा, अंगुस्तान (सुई ढकलताना बोटात घालायची टोपी) आणि शिंप्याचा खडू. कापड घरात असतंच.

कापड कोणतं?

बऱ्याच वेळा धुतलेली जुनी सुती साडी गोधडीला सगळ्यात चांगली. आटायची तेवढी ती आटलेली असते, जायचा तेवढा रंग गेलेला असतो आणि सुई अडत नाही. मात्र विरलेला भाग वरच्या बाजूला येऊ देऊ नका. साडी खिडकीसमोर धरा. जिथे विणीतून उजेड झिरपतो तो भाग दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणून बघा. बारीकसा टर्र आवाज आला, तर त्याची जागा पोटात. बसायचा भाग आणि फॉल लावलेली कड आधी विरते, तिथे जरा जास्त निरखून बघा.

साडी खरंच सुती आहे का, याची शंका आली तर कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरा आणि पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख बोटात चुरते. पॉलिएस्टरचा धागा आक्रसतो, वितळतो आणि टोकाला कडक मणी उरतो (तो गार झाल्यावरच हात लावा). हा खटाटोप करायचा कारण सूत पाण्यात आटतं, पॉलिएस्टर जवळजवळ आटत नाही. दोन्ही एकाच गोधडीत गेले की धुतल्यावर सुती थर आखडतो, दुसरा थर तेवढाच राहतो आणि दोऱ्यांच्या ओळींमधून फुगे येतात. ते इस्त्रीनेही बसत नाहीत.

नवं कापड घेणार असाल, मग ते मांजरपाट असो की छापील कॉटन, तर कापायच्या आधी धुवा. खळ निघून जाते आणि मीटरमागे ३ ते ५ सेंटीमीटर आटायचं असतं ते आटून होतं. रंग तपासायला पांढरा रुमाल ओला करून कापडावर घासा. लाल, जांभळा, गडद निळा आणि नवं इरकल यांची परीक्षा घेतल्याशिवाय पांढऱ्याशेजारी लावू नका. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं घरोघरी सांगितलं जातं, पण रंगवून झालेल्या कापडाचा सुटा रंग मिठाने धरत नाही. तीन-चार वेळा धुऊनही रुमालावर डाग उमटत असेल, तर ते कापड दुसऱ्या कामाला ठेवा.

किती लागेल?

हा हिशोब एकदा कळला की दर वेळी दुकानात विचारायला यावं लागत नाही. सहावारी साडी साधारण २१६ इंच लांब असते. तिची तिहेरी घडी घातली की ७२ इंच लांब आणि पन्ह्याएवढी, म्हणजे ४५ इंचांच्या आसपास रुंद, अशी तीन थरांची गादी तयार होते. नऊवारी ३२४ इंच. तिची चौपदरी घडी केली की ८१ इंच, म्हणजे पावणेसात फूट लांब आणि चार थर. एका माणसाच्या पांघरुणाला एक नऊवारी पोटात आणि वर-खाली एकेक थर, असे सहा थर भरपूर झाले. सहाच्या पुढे हाताने सुई ओढताना मनगट दुखतं आणि टाका मोठा पडायला लागतो. तिथे दाभण (पोती शिवायची जाड सुई) काढण्याचा मोह होतो, तो आवरा. दाभणाने कापडाला जे भोक पडतं ते धुण्यागणिक मोठं होत जातं.

पदर जरीचा किंवा जाड असेल तर घडी घालायच्या आधी कापून काढा. लांबी थोडी कमी होईल, पण तो थर बाकीच्यांशी जुळणार नाही. कापलेला पदर वरच्या नक्षीला उपयोगी पडतो.

दुपट्याला पोटात मऊ साडीचे दोनच थर घाला. ३६ इंचांसाठी प्रत्येक थर ४० बाय ४० चा कापा. एका सहावारीतून असे पाच निघतात.

दोऱ्याचा हिशोब असा: लांबी गुणिले रुंदी, भागिले दोन ओळींमधलं अंतर, सगळं इंचांत. ४५ बाय ८१ ची गोधडी, ओळी एक इंचावर, तर ३,६४५ इंच, म्हणजे साधारण ९३ मीटर. दोरा वर-खाली जातो, गाठी मारायच्या असतात, म्हणून ११० मीटर धरा. दुहेरी दोऱ्याने शिवत असाल तर २२०. ओळी अर्ध्या इंचावर घेतल्या की सगळं दुप्पट, वेळही. सराव झालेला हात मिनिटाला साडेतीन इंच जातो असं धरलं, तर एक इंची ओळींच्या या गोधडीला सतरा-साडेसतरा तास लागतात. रोज अर्धा तास बसलात तर सव्वा महिन्याच्या आसपास. दिवाळीच्या थंडीला हवी असेल तर गणपतीनंतर लगेच बसा.

अंथरणं आणि टाचणं

हे काम जमिनीवरच करा, पलंगावर नको. गादी मऊ असते, कापड दबतं आणि सुरकुती दिसत नाही. खालचा थर उलटा अंथरा आणि चार कडांना पाट, पुस्तकं, काहीही वजन ठेवा. कापड सपाट राहील एवढंच ताणा, तणतणीत ओढू नका. ओढून टाचलेलं कापड वजन काढलं की मागे येतं आणि वरच्या थरांना चुण्या पडतात. मग पोटातले थर एकेक करून पसरा आणि प्रत्येक वेळी मधून कडेकडे तळहात फिरवा. सगळ्यात वर सुलटा थर.

आता विरोधी रंगाच्या दोऱ्याने कच्चे टाके. दोन-दोन इंचांचे चालतील, पण ओळी चार ते पाच इंचांवर, आधी मधून चारही दिशांना, मग कोपऱ्यांकडे. साध्या पिनांपेक्षा सेफ्टी पिना बऱ्या, कारण साध्या पिना मांडीवर फिरवताना निसटतात आणि नंतर पायाला सापडतात. दुपट्यात तर साध्या पिना नकोतच. सुरू करताना सेफ्टी पिना मोजा आणि काढतानाही मोजा.

गोधडीला दोरे घालण्याची जुनी रीत म्हणजे कडेने सुरुवात करून चौकोनात फिरत आत जायचं. उत्तर कन्नडमधल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी शिवतात त्याही कडेकडून आत येतात आणि शेवटी कोपऱ्यांवर छोट्या घड्यांची 'फुलं' बसवतात. दिसायला ही रीत फार देखणी. पण टाचण सैल असेल तर प्रत्येक फेरीला थोडं थोडं कापड पुढे सरकत जातं आणि मध्यावर पोहोचता तेव्हा तिथे पुरणपोळीसारखा फुगा उभा. नवशिक्यांनी मधल्या आडव्या ओळीपासून सुरुवात करून दोन्हीकडे जावं. सरकलेलं कापड कडेला निघून जातं आणि कड शेवटी कापताच येते.

दोरे घालताना

सुई भरतकामाची, लांब नेढ्याची, ४ किंवा ५ नंबरची घ्या. हातसुईचा नंबर वाढला की सुई बारीक होते आणि मशीनच्या सुईचा वाढला की जाड. दुकानातली निम्मी अदलाबदल याच घोळामुळे होते.

दोरा सुतीच घ्या. पॉलिएस्टर दोरा मजबूत असतो, हीच त्याची अडचण. जुन्या साडीपेक्षा दोरा ताकदवान असला की ओढ बसल्यावर दोरा टिकतो आणि कापड फाटतं. तुटलेला दोरा परत घालता येतो, फाटलेल्या साडीला ठिगळच लागतं. एका वेळी दीड हातापेक्षा लांब दोरा ओवू नका. तोच तोच भाग नेढ्यात घासून झिजतो आणि पिळा पडून गाठी येतात. मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढून घेतला तर बरंच सुसह्य होतं.

सुरुवातीची गाठ बाहेर ठेवायची नाही. ओळीपासून इंचभर लांब सुई फक्त वरच्या थरातून आत घाला, ओळीवर काढा आणि हलकासा झटका द्या. 'टप्' असा आवाज येतो आणि गाठ आत उतरते. शेवटी तसंच उलटं. लहान बाळाच्या दुपट्यावर गाठ, टिकली, लेस, बटण काहीच नको.

टाका धावदोऱ्याचा, इंचात तीन ते चार. तीन-चार टाके सुईवर घेऊन मग ओढायचे. सुई ढकलणाऱ्या मधल्या बोटात अंगुस्तान घाला आणि दुसरा हात खाली ठेवा. सुईचं टोक खालच्या बोटाला जेमतेम लागलं की वर वळवा. मागच्या बाजूला टाके सुटत असतील तर सुई फार आडवी धरली जाते आहे, जरा उभी करा. ओळ पूर्ण झाली की अंगठ्याने ती सपाट करा. कापड गोळा होत असेल तर दोरा जास्त ओढला गेला आहे.

रेषांसाठी खडू किंवा साबणाची चिपटी पुरे. इस्त्रीने पुसली जाणारी पेनं आम्हीही विकतो, पण त्यांची रेषा पुसली जात नाही, उष्णतेने फक्त अदृश्य होते. तापमान शून्याच्या बरंच खाली गेलं की ती परत उगवते. कॅनडा-अमेरिकेतल्या नातवासाठी दुपटं करत असाल तर खडूच वापरा.

मशीनवर करायचं तर

तुकडे जोडायला १४ नंबरची सुई आणि इंचात बारा टाके. सगळे थर एकत्र शिवायला १६ नंबरची सुई आणि इंचात आठ. मशीनच्या सुईला ज्या बाजूला लांब खाच असते त्या बाजूने दोरा ओवायचा. उलटा ओवला तर टाके सुटतात. सुई बोथट झाली तरी सुटतात, म्हणून साताठ तासांच्या शिलाईनंतर ती बदला.

खालच्या बाजूला दोऱ्याची जाळी झाली की सगळे बॉबिनला दोष देतात. बहुतेकदा चूक वरच्या दोऱ्यात असते. मशीनचं पाऊल (कापड दाबून धरणारा भाग) खाली असताना दोरा ओवला तर तो टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, चकत्यांमध्ये बसतच नाही. पाऊल उचला, दोरा पूर्ण काढा, परत ओवा.

वरचा थर पुढे सरकून शेवटी चुणी येते, त्याचं कारण वेगळं आहे. खालचे दाते खालचं कापड ओढतात आणि पाऊल वरचं अडवून धरतं. पावलाचा दाब कमी करा, टाका लांब करा आणि टाचण दाट ठेवा. तरीही घरगुती मशीनच्या सुईपासून खांबापर्यंत जागा मोजून सहा-सात इंच. गुंडाळी तिथून जायला हवी. दुपटं सहज होतं, सिंगल गोधडी धडपडीने होते. त्यापुढे हातशिलाईच बरी.

तुकड्यांची नक्षी

दुपट्यावर ४ इंची चौकोन लावायचे तर ९ गुणिले ९, म्हणजे ८१ तुकडे. चारही बाजूंना पाव इंच माया (शिवणीत जाणारं जास्तीचं कापड) सोडून प्रत्येक तुकडा साडेचार इंचाचा कापा. ४४ इंच पन्ह्यात एका ओळीत नऊ बसतात, म्हणजे एकूण सव्वा मीटर कापड पुरतं. इथे एक सूत चुकलं तरी दिसतं. प्रत्येक शिलाईत माया फक्त १/१६ इंच जास्त गेली तर एका चौकोनाचे १/८ इंच जातात, नऊ चौकोनांच्या रांगेचा साधारण एक इंच. मग एक रांग ३६ ची आणि शेजारची ३५ ची होते आणि कोपरे जुळत नाहीत. सुईपासून पाव इंचावर मशीनच्या पत्र्यावर चिकटपट्टी लावा आणि कड तिला धरून चालवा. रांगा जोडताना एका रांगेची माया डावीकडे आणि पुढचीची उजवीकडे दाबा. शिवणी एकमेकींत अडकून बसतात आणि कोपरा आपोआप जुळतो.

गोट

दुपट्याची कड १४४ इंच. कोपरे आणि जोड धरून १५५ इंच पट्टी लागते. अडीच इंच रुंदीच्या चार पट्ट्या, म्हणजे पाव मीटरहून किंचित जास्त कापड. कडा सरळ असल्याने क्रॉस (तिरपी कापलेली) पट्टी लागत नाही. पट्टी लांबीत दुमडा, उघड्या कडा गोधडीच्या कडेला लावून शिवा. कोपऱ्याच्या पाव इंच आधी थांबून पट्टी वर दुमडा, मग कड जुळवून खाली आणा. तिरपी घडी आपली आपण पडते. मागे हातशिलाईने बसवा. साडीचा काठ गोट म्हणून शोभतो, पण जरीचा असेल तर गळ्याला टोचतो आणि सुती पोटापेक्षा वेगळा आटतो.

पहिलं धुणं गार पाण्यात, वेगळं. ओली गोधडी जड होते आणि एकाच दोरीवर टाकली की मधले टाके तुटतात. दोन दोऱ्यांवर पसरून वाळवा. पावसाळ्यात बंद कपाटात ठेवायची असेल तर आधी कडक ऊन दाखवा. दुपट्यांमध्ये डांबरगोळी ठेवू नका, तिची वाफ तान्ह्या बाळाला घातक ठरू शकते.

गोटाचं कापड किंवा दोऱ्याचा रंग जुळवायला दुकानात येताना फोनवरचा फोटो नको, साडीचा बोटभर तुकडा आणा. पडद्यावर राणी रंग हमखास लाल दिसतो.