चोक पोटात की छतात? दुकानातल्या सीएफएलच्या दोन जाती

'अठरा वॅटचा सीएफएल द्या' म्हटलं (सीएफएल म्हणजे छोट्या, वळवलेल्या फ्लुरोसंट नळीचा दिवा) तर काउंटरवरून दोन निरनिराळ्या वस्तू येऊ शकतात. एकाला साध्या बल्बसारखी टोपी असते आणि तो नेहमीच्या होल्डरमध्ये बसतो. दुसऱ्याच्या बुडाशी नुसत्या पिना. नळी दोन्हींत सारखीच, पाराही दोन्हींत. फरक आहे तो चोकचा.

फ्लुरोसंट नळीतून एकदा वीज वाहू लागली की आतला विरोध घटतो आणि प्रवाह वाढतच जातो. त्याला आवरायला चोक लागतो, नाहीतर नळी तिथल्या तिथे संपते. टोपीवाल्या सीएफएलमध्ये इलेक्ट्रॉनिक चोक बुडातच कोंबलेला असतो. पिनवाल्याचा चोक फिटिंगमध्ये, बहुतेकदा फॉल्स सिलिंगच्या वर.

घरी टोपीवाला उत्तम. होल्डरात बसवला की झालं, वायरमनची गरज नाही. शोरूमच्या डाउनलाइटरमध्ये, म्हणजे छतात बसवलेल्या डब्यासारख्या फिटिंगमध्ये, मात्र त्याचे हाल होतात. तिथे तो उलटा लटकतो, टोपी वर आणि नळी खाली. उष्णता वर चढते आणि डब्यात कोंडून नेमकी चोकलाच भाजते. चोकमधला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारा, आत द्रव असलेला भाग) अशा गरमीत लवकर सुकतो. काढलेल्या दिव्याचं पांढरं प्लास्टिक बुडाशी पिवळं-तपकिरी पडलेलं दिसतं. नळी धडधाकट असली तरी फेकायचं सगळंच.

पिनवाल्यात नळी गेली तर नळी बदला, चोक गेला तर चोक. रोज दहा-बारा तास दिवे जाळणाऱ्या ऑफिसला माझ्या मते हीच व्यवस्था परवडते, पहिल्यांदा फिटिंगला जास्त पैसे पडले तरी. पण खरेदी डोळसपणे करावी लागते. दोन पिनांच्या दिव्यात स्टार्टर, म्हणजे नळी पेटवून देणारा भाग, बुडातच असतो आणि तो जुन्या, तांब्याच्या वेटोळ्याच्या चोकवर चालतो. चार पिनांच्यात स्टार्टर नसतो, त्याला इलेक्ट्रॉनिक चोक हवा. शिवाय १३, १८ आणि २६ वॅटच्या बुडांवरच्या खाचा वेगवेगळ्या असतात, म्हणजे चुकीच्या वॅटचा दिवा बसूच नये. बसत नाही म्हणून जोर लावू नका. जुना दिवा खिशात घालून दुकानात जा.

आता दोन्ही जाती मागे पडत चालल्या आहेत. पाऱ्यावरच्या मिनामाता कराराच्या २०२२ च्या बैठकीत ३० वॅटपर्यंतच्या, आत चोक असलेल्या सर्वसाधारण सीएफएलचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२५ पर्यंत थांबवायचं ठरलं. टोपीवाल्याच्या जागी एलईडी बल्ब लावणं सोपं आहे. पिनवाल्याच्या जागी पिनांचा एलईडी आणताना मात्र तो चोकवर चालणारा आहे की थेट २३० व्होल्टवर, हे खोक्यावर वाचूनच घ्या. थेटवाला असेल तर वरचा चोक आधी वायरमनकडून वायरिंगमधून काढून घ्यावा लागतो. आणि उतरवलेल्या नळ्या ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता, न फोडता ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यायच्या.