१९२ म्हणजे कोणते १९२? सॅम्पल रेट आणि बिट रेट यांतला घोळ

पुण्या-मुंबईची एजन्सी सोलापुरातल्या व्हॉइस आर्टिस्टला काम देते, तेव्हा मजकुराच्या खाली एक ओळ असते. साधारण अशी: "४८, २४, मोनो, वेव्ह. क्लायंटला ऐकवायला १९२ची एमपीथ्री वेगळी पाठवा." मजकूर तीनदा वाचला जातो, कुठे श्वास घ्यायचा त्याच्या खुणा केल्या जातात. ही ओळ मात्र नुसती नजरेखालून जाते. मग रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये १९२ कुठे आहे याचा शोध सुरू होतो, आणि पंचाईत अशी की १९२ तिथे खरंच असतं. सॅम्पल रेटच्या यादीत, सगळ्यात खाली. तेच निवडलं जातं, फाइल चौपट फुगते, आणि एजन्सीला हवं असलेलं १९२ भलतंच असतं.

या घोळाला आर्टिस्टइतकेच आकडेही जबाबदार आहेत. ३२, ४८, ९६ आणि १९२ हे चारही आकडे सॅम्पल रेटमध्ये येतात आणि एमपीथ्रीच्या बिट रेटमध्येही येतात. एकाचं एकक किलोहर्ट्झ, दुसऱ्याचं केबीपीएस, म्हणजे सेकंदाला इतके किलोबिट. फोनवर बोलताना एकक कोणीच उच्चारत नाही. "अठ्ठेचाळीसवर केलंय की ओ," असं सांगून मोकळे होतात. कशाचं अठ्ठेचाळीस?

आधी सॅम्पल रेट. माइकमधून येते ती सलग वरखाली होणारी विजेची लाट. कॉम्प्युटरला ती सलग साठवता येत नाही. तो तिची उंची सेकंदाला ठरावीक वेळा मोजतो आणि आकडे लिहून ठेवतो. ४८ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ४८ हजार मोजमापं. जितक्या वेळा मोजाल त्याच्या निम्म्या कंपनसंख्येपर्यंतचाच आवाज पकडता येतो, हा यातला मूळ नियम. निकोप तरुण कानाला फार तर २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, म्हणून ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झमध्ये ऐकू येण्यासारखं सगळं मावतं.

४४.१ हा असा विचित्र आकडा आला कुठून, असा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. डिजिटल आवाज साठवायला पूर्वी व्हिडिओ टेप वापरत. चित्राच्या एका ओळीत तीन मोजमापं, वापरात येणाऱ्या २४५ ओळी आणि सेकंदाला ६० फील्ड, म्हणजे अर्धी चित्रं. गुणाकार करा, ४४,१०० येतात. ५० फील्डच्या पद्धतीत २९४ ओळी घेतल्या तरी उत्तर तेच. सोनी आणि फिलिप्स यांनी १९८० साली सीडीचे नियम ठरवले तेव्हा हाच आकडा कायम झाला. सिनेमा आणि व्हिडिओचं जग पुढे ४८ वर स्थिरावलं. म्हणून आजही चित्राखाली जाणारा आवाज ४८वर करायचा आणि ऑडिओबुकसारखं निव्वळ ऐकायचं काम असेल तर बहुतेक ठिकाणी ४४.१ मागतात.

आता बिट रेट. एका सेकंदाच्या आवाजासाठी फाइलमध्ये किती माहिती खर्च होते, त्याचा हा आकडा. वेव्ह आणि एमपीथ्री यांच्यातला फरक इथेच समजून घ्यायला हवा, कारण अर्धा गोंधळ इथे मिटतो.

वेव्हमध्ये, म्हणजे आवाज न दाबता जसाच्या तसा साठवणाऱ्या फाइलमध्ये, बिट रेट तुम्ही निवडत नाही, तो गुणाकारातून आपोआप येतो. सॅम्पल रेट गुणिले बिट डेप्थ गुणिले चॅनेल (मोनोला एक, स्टिरिओला दोन). एजन्सीच्या ओळीतलं २४ म्हणजे बिट डेप्थ: प्रत्येक मोजमाप किती बारीक पट्टीने लिहायचं ते. १६ बिटमध्ये ६५,५३६ पायऱ्या मिळतात, २४ बिटमध्ये १ कोटी ६७ लाखांहून जास्त. तेव्हा ४८,००० गुणिले २४ गुणिले १ बरोबर ११,५२,०००, म्हणजेच ११५२ केबीपीएस. मिनिटाला साधारण ८.६ एमबी. विंडोजमध्ये फाइलच्या प्रॉपर्टीजमधल्या डिटेल्समध्ये हा आकडा दिसतो. तो पाहून फाइल कशी आहे याचा अंदाज बांधता येतो: ७६८ दिसलं तर बहुधा ४८, १६, मोनो, १४११ दिसलं तर सीडीची सेटिंग, म्हणजे ४४.१, १६, स्टिरिओ. पण १५३६ दिसलं तर जपून. ती ४८, १६, स्टिरिओ असू शकते आणि ४८, ३२, मोनोसुद्धा. गुणाकारावरून गुणक ओळखण्याला ही मर्यादा राहणारच.

एमपीथ्रीमध्ये उलटं आहे. तिथे बिट रेट हा तुम्ही दिलेला खर्चाचा आकडा. १९२ म्हटलं की एन्कोडर, म्हणजे एमपीथ्री बनवणारा प्रोग्राम, सेकंदाला १९२ किलोबिटमध्ये सगळं बसवतो. ११५२चं १९२ करायचं म्हणजे एक षष्ठांशात आणायचं. ते जमतं कारण कानाच्या मर्यादा त्याला ठाऊक असतात: मोठ्या आवाजाशेजारचा बारीक आवाज आपल्याला ऐकू येत नाही, तेव्हा तो कमी तपशिलात लिहिला किंवा टाकून दिला तरी चालतं. टाकलेलं परत येत नाही. एमपीथ्री उघडून "सेव्ह ॲज वेव्ह" केलं की बिट रेट ११५२ दिसतो, फाइल सहापट मोठी होते, आवाज मात्र एमपीथ्रीचाच राहतो. आणि नुसतं फाइलच्या नावापुढचं .mp3 खोडून .wav लिहिणं तर त्याहून पुढची गंमत. त्यात आतलं काहीच बदलत नाही, फक्त समोरच्याच्या सॉफ्टवेअरने कुरकुर केली की तुमचा फोन वाजतो.

चादरी-टॉवेलच्या गावात हे एका वाक्यात सांगता येतं. सॅम्पल रेट म्हणजे इंचाला बाण्याचे किती धागे टाकले, आणि बिट रेट म्हणजे तयार टॉवेलचा जीएसएम, चौरस मीटरमागचं वजन. नुसत्या वजनावरून वीण कळत नाही, आणि मागावरून उतरलेल्या टॉवेलमध्ये धागे वाढवता येत नाहीत.

या दोघांची गल्लत नेमकी कुठे महागात पडते, याचं उत्तम उदाहरण व्हॉट्सॲपची व्हॉइस नोट. ती ओपस या पद्धतीने साठवली जाते. २०१२ साली प्रमाणित झालेलं हे तंत्र बोलण्यासाठी फार हुशारीने बनवलेलं आहे. ओपसची कुठलीही फाइल मीडियाइन्फोसारख्या साधनात टाकली की सॅम्पल रेटपुढे ४८ किलोहर्ट्झ लिहून येतं, कारण ओपस उलगडतानाचा हिशोब ४८वरच धरलेला असतो. आत प्रत्यक्ष तितक्या वरपर्यंतचा आवाज असो वा नसो. बिट रेट मात्र दोन आकडी, तोही खालचा. म्हणजे "४८ पाहिजे" म्हणणाऱ्याला व्हॉइस नोट पाठवून "बघा, ४८च आहे" असं कोणी म्हणालं तर कागदावर ते खोटं ठरत नाही, आणि फाइल तरी काही कामाची नसते. फाइल व्हॉट्सॲपनेच पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून जोडा. मग ती आहे तशी जाते.

कानाने फरक ओळखायचा झाला तर दोघांचे आजार वेगळे आहेत. सॅम्पल रेट चुकला की वेळ आणि पट्टी बिघडते. ४४.१ची फाइल रूपांतर न करता ४८ समजून वाजवली गेली तर ३० सेकंदांची जाहिरात साडेसत्तावीस सेकंदांत संपते आणि आवाज जवळपास पाऊण स्वर वर चढतो. भारदस्त आवाजाचा माणूस एकदम कोवळा वाटायला लागतो. बिट रेट कमी पडला की वेळ जागेवरच राहते, पट्टीही राहते, पण 'स', 'श', 'च' पाण्याखालून आल्यासारखे सळसळतात आणि वाक्याच्या शेवटी विरत जाणारा श्वास तुटक ऐकू येतो. बारकावा एकच: बिट रेट फार खाली आणला तर काही एन्कोडर आपणहून सॅम्पल रेटही खाली आणतात, कारण कमी खर्चात वरचा पट्टा सांभाळणं त्यांना परवडत नाही. त्यामुळे ३२ किंवा ४८ केबीपीएसच्या फाइलमध्ये दोन्ही आकडे घसरलेले दिसले तर चकित होऊ नका.

मोनोचं थोडक्यात. एमपीथ्रीचा बिट रेट सगळ्या चॅनेलचा मिळून असतो. एकट्या माणसाचा आवाज १२८वर मोनो केला तर सगळे १२८ त्या एका आवाजावर खर्च होतात. सोलापूरच्या गड्डा यात्रेतल्या स्टॉलची जाहिरात रिक्षावरच्या भोंग्यातून फिरणार असेल तर तेवढं भरपूर झालं. त्यासाठी ३२० मागणाऱ्याशी वाद घालू नये, देऊन टाकावं. एमपीथ्रीमध्ये त्याच्या वर जाताच येत नाही, आणि सॅम्पल रेटही ४८च्या पुढे नाही. त्यामुळे कोणी "९६ किलोहर्ट्झची एमपीथ्री" मागितली तर त्याने दोन याद्यांची सरमिसळ केली आहे, हे नक्की समजा.

आता माझं मत. बोलण्याच्या कामाला ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करणं म्हणजे हार्डडिस्कवाल्याचं भलं करणं. आवाज नंतर खूप संथ करायचा असेल, इफेक्टसाठी वापरायचा असेल तर ठीक आहे. जाहिरात, माहितीपट, शाळेचे धडे, कथा यांना ४८ पुरतं. त्यापेक्षा २४ बिट घ्या, त्याचा खरा उपयोग होतो: पातळी थोडी खाली ठेवून, सगळ्यात मोठं अक्षर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील (शून्य ही आवाज फाटण्याची हद्द) असं रेकॉर्ड केलं तरी तपशील हरवत नाही, आणि मध्येच जोर लावला तर आवाज फाटत नाही.

आणि खोलीकडे लक्ष द्या. सोलापूरच्या पूर्व भागात घर असेल तर शेजारच्या यंत्रमागाची खडखड भिंतीतून येते. एप्रिल-मेमध्ये पंखा बंद करून दहा मिनिटं बसवत नाही. हे कुठल्याही आकड्यात दिसत नाही. सॅम्पल रेट वाढवला तर खडखडही तितक्याच निगुतीने रेकॉर्ड होते. ऑडिबल या ऑडिओबुक सेवेसाठी पुस्तकं घेणाऱ्या एसीएक्सच्या अटी या दृष्टीने वाचण्यासारख्या आहेत: ४४.१ किलोहर्ट्झ, किमान १९२ केबीपीएसची स्थिर बिट रेटची एमपीथ्री, सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबल, सर्वोच्च टोक उणे ३, आणि गप्प असतानाचा खोलीचा आवाज उणे ६०च्या खाली. पहिल्या दोन अटी सॉफ्टवेअरमध्ये दोन क्लिकने पुऱ्या होतात. शेवटच्या अटीसाठी गाद्या, गोधड्या, जाड चादरी आणि रात्री उशिराची वेळ लागते.

टेलिफोनच्या रेकॉर्डेड सूचनांचं काम आलं तर आकडे एकदम खाली येतात: ८ किलोहर्ट्झ, मोनो. जुन्या फोनच्या पद्धतीत ८ हजार मोजमापं, प्रत्येकी ८ बिट, म्हणून ६४ केबीपीएस. निम्म्याचा नियम लावला तर ४ हजार हर्ट्झच्या वरचं काहीच जात नाही, आणि 'स'चा बराचसा जोर नेमका तिथेच असतो. फोनवर "साठ की आठ?" असं दोनदा विचारावं लागतं ते त्यामुळे. अशा कामातही रेकॉर्डिंग ४८वरच करा, ८वर अगदी शेवटी उतरवा. उतरवल्यावर एकदा ऐका आणि आकडे असलेली वाक्यं संथ, सुटी बोलली आहेत ना ते बघा. शब्द पुसट वाटला तर बोलण्यात दुरुस्ती करा. इक्वलायझरने नसलेला पट्टा आणता येत नाही.

सोलापुरात एकाच जाहिरातीचं मराठी, कन्नड आणि तेलुगू असं तिन्हीकडचं काम एका जागी होऊ शकतं. तीन आवाज, तीन मोबाइल किंवा तीन लॅपटॉप, आणि तिन्हींची सेटिंग वेगळी. एडिटरकडे दोन ४८च्या आणि एक ४४.१ची फाइल गेली तर चित्राखाली एकच भाषा सरकू शकते, आणि दोष भाषांतराच्या लांबीवर ढकलला जातो. फाइलच्या नावातच ४८के, २४बी, मोनो, भाषा आणि तारीख लिहायची सवय लावली तर उघडण्याआधीच कळतं.

आणि एजन्सीकडून पुन्हा एकक नसलेला आकडा आला तर अंदाज बांधत बसू नका. उलट एवढंच लिहा: "मूळ फाइल ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो वेव्ह देते. ऐकण्याची प्रत १९२ केबीपीएस एमपीथ्री. चित्राखाली जाणार आहे ना, की फक्त ऑडिओ? फक्त ऑडिओ असेल तर ४४.१ करून देते."