मेनआफ्रिव्हॅक

मेनिंगोकॉकस जिवाणूच्या 'ए' गटामुळे होणाऱ्या मेंदूज्वरावरील संयुग्मी (जिवाणूच्या वेष्टनातील शर्करा प्रथिनाला जोडून बनवलेली) लस. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया, 'पाथ' ही ना-नफा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या भागीदारीतून ती तयार झाली. खाजगी कंपनीला बरोबर घेऊन गरीब देशांसाठी लस बनवण्याचे प्रयत्न अनेक झाले, पण या कामात आधी दर ठरला आणि लस नंतर घडली. त्याचे यश मुख्यतः या क्रमात आहे.

सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात डिसेंबर ते जून या कोरड्या, धुळीच्या महिन्यांत मेंदूज्वराच्या साथी येत. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांवर लोक आजारी पडले आणि सुमारे २५ हजार दगावले. तेव्हाची पॉलिसॅकराइड लस जिवाणूच्या शर्करावेष्टनापासून बनलेली होती. दोन वर्षांखालील मुलांत ती जेमतेम चाले, संरक्षण काही वर्षांतच ओसरे आणि घशात वस्ती करून राहिलेल्या जिवाणूचा प्रसारही थांबत नसे. त्यामुळे साथ उसळल्यावर धावपळ करून लसीकरण करावे लागे, आणि ते बहुधा उशिराच पोहोचे.

बिल अँड मेलिंडा गेट्स फाउंडेशनच्या ७ कोटी डॉलरच्या अनुदानावर २००१ मध्ये प्रकल्प सुरू झाला. आफ्रिकी आरोग्य अधिकाऱ्यांचे म्हणणे स्पष्ट होते: मात्रा ५० सेंटपेक्षा महाग असेल तर मोहिमा परवडणार नाहीत. या दरात लस देणारा मोठा पाश्चात्त्य उत्पादक मिळेना, म्हणून कामाची वाटणी करण्यात आली. पॉलिसॅकराइड ॲमस्टरडॅमच्या सिंको बायो पार्टनर्सकडून आले. शर्करा प्रथिनाला जोडण्याची पद्धत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेने दिली. वाहक प्रथिन, म्हणजे शर्करा ज्याला जोडतात ते प्रथिन, म्हणून लागणारे टिटॅनस टॉक्सॉइड (धनुर्वाताच्या जिवाणूचे निर्विष केलेले विष) सीरम आधीपासून मोठ्या प्रमाणावर बनवत होती. तंत्रज्ञान आयते मिळाल्याने विकासखर्च आटोक्यात राहिला. त्याच्या बदल्यात कंपनीने दराची हमी दिली.

लसीच्या एका मात्रेत १० मायक्रोग्रॅम पॉलिसॅकराइड असते. कुपीत दहा मात्रांची कोरडी पूड असते आणि ॲल्युमिनियम फॉस्फेट असलेले द्रावक वेगळे येते. द्रावक मिसळल्यावर ०.५ मिली स्नायूत टोचतात. सहा तासांनंतर कुपीत उरलेली लस टाकून द्यावी लागते. म्हणून विरळ वस्तीत माणसे जमण्याआधी कुपी फोडली की मात्रा वाया जातात.

भारतात डिसेंबर २००९ मध्ये परवाना आणि जून २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची पूर्व-अर्हता (संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांना खरेदी करता यावी म्हणून दिली जाणारी दर्जाची मान्यता) मिळाली. ६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली. माली आणि नायजर हे पहिल्या फेरीतले इतर देश. एकाच फेरीत १ ते २९ वयाच्या सर्वांना एक मात्रा देण्यात आली, कारण जिवाणूचा वाहक असलेला तरुण वर्ग वगळला तर प्रसार तुटत नाही. २०१२ मध्ये बेनिनमध्ये ही लस ४० अंश सेल्सियसपर्यंतच्या तापमानात, कमाल चार दिवस, बर्फाविना नेण्यात आली. कुपीवरची, उष्णतेने रंग बदलणारी खूण आणि कमाल तापमान दाखवणारी पट्टी दोन्ही तपासावी लागत. तरीही दूरच्या गावांत बर्फाची ने-आण वाचली, हा फायदा फार मोठा होता.

लसीकरण झालेल्या भागांत 'ए' गटाचा मेंदूज्वर जवळपास नाहीसा झाला. मोहिमेनंतर जन्मलेल्या मुलांना नियमित लसीकरणात ही मात्रा मिळाली नाही, तर असुरक्षित पिढी पुन्हा साठत जाते. त्यासाठी ५ मायक्रोग्रॅमची बालमात्रा तयार करण्यात आली. लसीची उणीव मात्र तिच्या रचनेतच होती, कारण ती एकाच गटावर चालते. २०१५ पासून नायजर व नायजेरियात 'सी' गटाच्या मोठ्या साथी आल्या. त्यावर सीरम व पाथ यांनी ए, सी, डब्ल्यू, वाय आणि एक्स या पाच गटांवरची 'मेनफाइव्ह' बनवली. २०२३ मध्ये तिला पूर्व-अर्हता मिळाली आणि २०२४ मध्ये नायजेरियात तिचा वापर सुरू झाला. पाच संयुगे वेगवेगळी बनवून तपासावी लागत असल्याने तिला ५० सेंटचा दर लागू होत नाही. खरेदीसाठी गरीब देशांना लसींसाठी पैसा पुरवणाऱ्या 'गावी' या आंतरराष्ट्रीय आघाडीसारख्या निधीवर भिस्त आहे.