टॅपेट कव्हरचे पॅकिंग आणि कडक झालेले रबर

दहा-बारा वर्षे धावलेली डिझेल एसयूव्ही आंबोलीचा किंवा कुंभार्लीचा घाट चढून आली, की बॉनेटच्या फटीतून कधी कधी जळक्या ऑइलचा वास येऊ लागतो आणि इंजिनाच्या मागच्या अंगाला ओघळलेल्या ऑइलवर जांभ्याची तांबडी धूळ बसून तिचा चिकट थर झालेला दिसतो. अशी गळती पुष्कळदा इंजिनाच्या अगदी माथ्यावरून, म्हणजे टॅपेट कव्हर (इंजिनाचे सर्वांत वरचे झाकण) आणि सिलिंडर हेड (त्याखालचा, सिलिंडर वरून बंद करणारा भाग) यांच्यामधल्या पॅकिंगमधून होत असते. तिच्यावर सर्वांत आधी केला जाणारा उपाय म्हणजे कव्हरचे बोल्ट आणखी आवळणे. या उपायाने गळती थांबत नाही, उलट बरेचदा वाढते. असे का होते, हे कळण्यासाठी पॅकिंग ऑइलला कशाच्या बळावर अडवते ते पाहावे लागेल.

टॅपेट कव्हरच्या आत झडपांची उघडझाप करणारे कॅमशाफ्ट आणि रॉकर फिरत-हलत असतात आणि त्यांच्यावर सतत ऑइल उडत असते. पंपाचा दाब ऑइलच्या वाहिन्यांपुरताच असतो. येथवर आलेले ऑइल आपल्या वजनाने खाली संपमध्ये (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या भांड्यात) परतते आणि कव्हरखालचा दाब बाहेरच्या हवेइतकाच असतो. तरीही ऑइल निसटते, कारण डोळ्यांना गुळगुळीत दिसणाऱ्या धातूच्या कडेवर काही मायक्रोमीटर खोलीचे चर असतात आणि गरम, पातळ झालेले ऑइल केशाकर्षणाने त्यांतून पुढे सरकते. रबर दाबले गेले की या चरांमध्ये शिरते आणि मूळ आकारात परतण्याच्या ओढीने दोन्ही पृष्ठभागांना सतत रेटत राहते. गळती रोखतो तो हा रेटा. बोल्टचे काम रबराला ठरावीक प्रमाणात दाबून धरण्याएवढेच आहे.

या रेट्याची खरी परीक्षा धातू तापल्यावर होते. ॲल्युमिनिअम दर अंशाला सुमारे २३ दशलक्षांश भागाने प्रसरण पावते, तर बीड त्याच्या निम्म्यानेच. अर्धा मीटर लांबीचे ॲल्युमिनिअमचे कव्हर ३० अंशांवरून १०० अंशांवर गेले, तर त्याची लांबी सुमारे ०.८ मिलिमीटरने वाढते आणि त्याखालचे हेड बिडाचे असेल, तर त्याची वाढ ०.४ मिलिमीटरच्या आसपास राहते. दोहोंमधला हा फरक इंजिन तापताना आणि निवताना, प्रत्येक वेळी, पॅकिंगला सोसावा लागतो. रबर लवचीक असेपर्यंत ते हे सहज सोसते.

आता रबराविषयी. दोडामार्ग-सावंतवाडीकडच्या रबराच्या बागांमध्ये निघणाऱ्या चिकापासून बनणारे नैसर्गिक रबर अतिशय लवचीक असले, तरी या जागी ते चालत नाही. त्याचे रेणू हायड्रोकार्बनचे आहेत, ऑइलचेही तसेच आहेत. त्यामुळे ऑइल त्यात मुरते आणि रबर फुगून मऊ पडते. म्हणून पॅकिंगसाठी नायट्राइल रबर वापरतात. त्याच्या साखळीत ॲक्रिलोनायट्राइलचे ध्रुवीय (विद्युतभार असमान वाटला गेलेले) गट असल्याने ऑइल त्यात शिरू शकत नाही. त्याहून अधिक उष्णता सोसायची असेल, तर ॲक्रिलिक किंवा सिलिकॉन रबर घेतात. फार जुन्या इंजिनांत कॉर्क ओक या झाडाच्या सालीपासून केलेले कॉर्कचे पॅकिंगही आढळते.

नायट्राइल रबराचे दुखणे असे, की त्याच्या साखळीत दुहेरी बंध शिल्लक असतात. उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन यांच्यामुळे तेथे नवे आडवे बंध तयार होत जातात आणि साखळ्या एकमेकींत जखडल्या जातात. प्रेशर कुकरची जुनी रिंग कडक होऊन वाफ सोडू लागते, तसेच हे आहे. तापमान १० अंशांनी वाढले की अशा रासायनिक क्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. त्यामुळे भरलेली गाडी घेऊन नेहमी घाट चढणाऱ्याचे पॅकिंग सपाटीवर चालवणाऱ्याच्या पॅकिंगआधी म्हातारे होते. काढलेले जुने पॅकिंग हातात घेतले तर ते चपटे झालेले असते आणि वाकवताच तडकते. त्यातला रेटा संपलेला असतो आणि संपलेला रेटा बोल्ट आवळून परत येत नाही. जास्त आवळल्याने दोन बोल्टांमधली कव्हरची कड कमानीसारखी उचलली जाते आणि फट उलट रुंदावते.

नवे पॅकिंग घालण्याआधी ब्रीदर तपासावा, यावर माझा फार भर आहे, कारण घाईत हीच पायरी सुटते. पिस्टनच्या रिंगांवरून ज्वलनाचा थोडा वायू नेहमीच खाली उतरतो आणि तो ब्रीदरच्या नळीतून बाहेर काढला जातो. नळी किंवा तिच्यातली झडप काजळीने बुजली, तर इंजिनाच्या पोटात दाब साठतो आणि सर्वांत दुबळ्या सांध्यातून ऑइल बाहेर ढकलतो. अशा इंजिनात उत्तमातले पॅकिंगही लवकरच पुन्हा गळू लागते. हेडमधली ऑइल परतण्याची छिद्रे गाळाने बुजली असतील, तर कव्हरखाली ऑइल तुंबते. शिवाय चढावर गाडीचा मागचा भाग खाली असल्याने ते मागच्या कडेला जमते आणि गळतीही तेथूनच सुरू होते.

किनाऱ्याची हवा यात आपली भर घालते. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या खाऱ्या हवेतले क्लोराइड ॲल्युमिनिअमवरचे संरक्षक ऑक्साइडचे आवरण भेदते आणि पॅकिंगच्या बैठकीवर बारीक खड्डे पाडते. ॲल्युमिनिअममधले लोखंडी बोल्टही अशा हवेत धरून बसतात. म्हणून आदल्या रात्री त्यांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवणे शहाणपणाचे. पावसाळ्यात गाडी घरापासून बाजारापर्यंतच धावत असेल, तर इंजिन पुरते तापत नाही, आत दव साचते आणि ऑइल भरण्याच्या झाकणाखाली पांढुरकी साय दिसते. कूलंट कमी होत नसेल, तर केवळ या सायीवरून हेड गॅस्केट (हेडच्या खालचे पॅकिंग) गेल्याचा निष्कर्ष काढू नये.

ऑइल वरून खाली ओघळत असल्याने गळती संपची किंवा क्रँकच्या सीलची वाटण्याची चूक सहज होते. इंजिन आधी धुऊन कोरडे करावे, थोडे चालवावे आणि मग वरून खाली पाहत यावे. भर पावसात हे जमत नाही, म्हणून हे काम मृगाआधी उरकावे. ते पुढे ढकलूही नये, कारण तापलेल्या एक्झॉस्टवर ठिबकणारे ऑइल धुमसते आणि पेटूही शकते.

प्रत्यक्ष बदल करताना इंजिन पूर्ण थंड हवे. कॉमन रेल इंजिनात (ज्यात एकाच सामायिक नळीतून सर्व इंजेक्टरांना इंधन मिळते) इंधनाच्या नळ्यांचा दाब १,००० बारहून अधिक असतो आणि इंजेक्टरमध्ये गेलेला धुळीचा कणही घातक ठरतो, त्यामुळे जेथे या नळ्या काढाव्या लागतात तेथे काम जाणत्या मेकॅनिककडेच द्यावे. जुन्या पॅकिंगचे तुकडे लोखंडी पात्याने खरवडू नयेत. ॲल्युमिनिअमवर पडलेला ओरखडा म्हणजे गळतीला नवी वाट. प्लास्टिकचे कव्हर सपाट पट्टी धरून वाकले आहे का ते पाहावे. बोल्टांखालचे रबरी वॉशरही बदलावेत, कारण तेही तितकेच जुने असतात. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. सहा मिलिमीटरच्या बोल्टाला साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर पुरतात, पण त्या इंजिनासाठी दिलेला आकडाच प्रमाण मानावा.

फटी बुजवण्याचे नळीतले सिलिकॉन फक्त कोपऱ्यांत आणि अर्धचंद्राकृती बुचांच्या टोकांशी लावायचे, सगळ्या पॅकिंगवर फासायचे नाही. आत ओघळलेले तुकडे ऑइल पंपाची जाळी बुजवतात. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन घट्ट होताना ॲसेटिक आम्ल सोडते, ते येथे नको. नळीतले सिलिकॉन हवेतल्या बाष्पाने घट्ट होते, त्यामुळे कोकणच्या दमट हवेत त्यावर साय लवकर धरते. ती धरण्याआधी कव्हर बसले पाहिजे. आतपर्यंत घट्ट होण्यास मात्र सुमारे एक दिवस लागतो आणि तोवर इंजिन सुरू करू नये.

काही दिवसांनी, विशेषतः एखादा घाट चढून आल्यावर, कव्हरच्या मागच्या कडेवरून बोट फिरवून पाहावे. कॉर्कचे पॅकिंग तापून दबले जात असल्याने त्याचे बोल्ट एकदा पुन्हा ठरल्या मापाने तपासावे लागतात. रबरी पॅकिंगचे बोल्ट मात्र ऑइल दिसले तरी आवळू नयेत. कव्हर काढून बैठक आणि ब्रीदर पुन्हा पाहावेत.